तोफेला रंग देण्याआधी : किनाऱ्यावरील दुर्गसंवर्धन संस्थांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील जलदुर्गांवर आणि खाडीकाठच्या गडकोटांवर श्रमदान करणाऱ्या सर्व दुर्गसंवर्धन संस्थांचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांस,

विषय : किनाऱ्यावर सापडणाऱ्या तोफा, नांगर व जुन्या गलबतांचे लाकूड हलवण्यापूर्वी, घासण्यापूर्वी आणि रंगवण्यापूर्वी त्यांची नोंद करण्याबाबत.

सस्नेह जय शिवराय.

मुंबईच्या गोदीत ३२ वर्षे फिटर म्हणून काम करून मी निवृत्त झालो आणि आता खाडीकाठच्या आमच्या गावी राहतो. आमच्या घरी तीन पिढ्या गलबते बांधण्याचे सुतारकाम होते. लोखंड आणि लाकूड या दोन्हींशी माझा संबंध असा पोटापाण्याचा आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात आपल्याला शिकवण्याचा सूर लागण्याचा धोका आहे आणि तो मला टाळायचा आहे.

आमच्या धक्क्यावर एक तोफ उभी पुरलेली होती. तोंड वर, कमरेएवढी जमिनीबाहेर आणि बाकीची मातीत. होड्यांचे दोर बांधायला तिच्याइतका भक्कम खुंट दुसरा नव्हता, त्यामुळे तिच्या गळ्याशी दोर घासून घासून बोटभर खोल खाच पडली होती. गेल्या पावसाळ्यापूर्वी एका रविवारी एका संस्थेची तीसेक मुले आली. त्यांनी ग्रामपंचायतीला कळवले होते, चेनपुली आणली होती, दुपारचे जेवणही स्वतःचे स्वतः आणले होते. अकराच्या सुमारास तोफ बाहेर निघाली. गोड्या पाण्याच्या चार बादल्या ओतल्यावर तिच्या मागच्या भागावर मुकुटासारखी एक आकृती आणि तिच्याखाली कोरलेले तीन आकडे दिसले. पहिला १८, दुसरा २. तिसरा वाचण्याआधी मी त्या मुलांना म्हणालो, ‘जरा थांबा, ठसा घेऊ,’ आणि कागद व कोळसा आणायला घरी गेलो. वीस मिनिटांत परत आलो, तोवर ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश त्या जागेवरून फिरून गेला होता. लोखंड चांदीसारखे चमकत होते. मुकुट नाही, आकडे नाहीत. संध्याकाळपर्यंत तोफेला काळा ऑइलपेंट, तोंडाच्या कड्याला सोनेरी पट्टा आणि खाली मोठ्या चाकांचा सागवानी गाडा मिळाला, हार घालून नारळ फोडला गेला आणि तिची गावच्या वेशीवर स्थापना झाली.

त्या मुलांना मी दोष देत नाही. टनभर वजनाचे लोखंड उन्हात ओढणे काय असते हे मला गोदीत समजले आहे, आणि शासनाची माणसे जिथे वर्षानुवर्षे फिरकत नाहीत तिथे आपण स्वतःच्या खर्चाने जाता, हेही मी पाहिले आहे. पण त्या दिवशी नेमके काय पुसले गेले, ते आपल्याला कोणी सांगितले नसेल, म्हणून हे पत्र.

इंग्रजी तोफांवर कोरलेले तीन आकडे म्हणजे त्या तोफेचे वजन. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे २८ पौंडांचा. आणि तिसरा सुट्या पौंडांचा. आमच्या तोफेचे १८ आणि २ हे आकडे धरले तर २,०७२ पौंड होतात आणि शेवटचा आकडा ० ते २७ यांपैकी काहीही असू शकतो. म्हणजे तोफ साधारण ९४० ते ९५२ किलोंची. बारा किलोंचा फरक पडला तर काय बिघडले, असे वाटेल. परंतु एकाच साच्याच्या, एकाच मापाच्या दहा तोफांतून एक तोफ कागदोपत्री ओळखायची असेल, तर ती याच नेमक्या वजनावरून ओळखता येते. जहाजावर किंवा कोठारात तोफा चढल्या-उतरल्या म्हणजे त्यांच्या याद्या होत, आणि त्यांत वजन लिहिले जाई. आमच्या तोफेचा आधार क्रमांक गेला, असे म्हटले तरी चालेल.

वजनाखेरीजही तोफेच्या अंगावर पुष्कळ लिहिलेले असते. दोन्ही कुशींतून जे खुंट बाहेर आलेले असतात, ज्यांवर तोफ गाड्यात तोलली जाते, त्यांच्या टोकांवर ओतशाळेची खूण आणि पुष्कळदा साल असते. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याचे नाव तिथेच सापडते, आणि स्वीडनमधल्या फिन्स्पाँगच्या तोफांवर त्या गावाच्या नावाचे पहिले रोमन अक्षर असते. डच कंपनीच्या तोफेवर त्या कंपनीची तीन अक्षरांची गुंफण, इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफेवर हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण, इंग्लंडच्या सरकारी मालावर तीन रेघांचा बाण, पोर्तुगीजांच्या पंचरशी तोफेवर राजचिन्ह. तोफेच्या शेपटाकडचा गोंडाही बोलतो. त्याच्यावर दोर ओवण्यासाठी कडी ओतलेली असेल, तर ती अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरची इंग्रजी घडण असण्याचा संभव फार, कारण गोळा सुटल्यावर मागे उसळणारी तोफ डेकवर आवरणारा जाड दोर त्या कडीतून नेण्याची ती सोय होती. कुशीला खुंटच नसतील, पोटाखाली एक कान असेल आणि तोफ आखूड व रुंद तोंडाची असेल, तर ती कॅरोनेड. जवळून मारा करण्यासाठी १७७०च्या दशकात निघालेला तो नाविक प्रकार आहे. नळीच्या तोंडाचा आतला व्यास मोजला, तर गोळ्याचे वजन कळते. साधारण १०७ मिलिमीटर भरला तर नऊ पौंडी, ११७ भरला तर बारा पौंडी. यासाठी एक टेप लागते आणि दोन मिनिटे लागतात.

या खुणा वाचायला ग्राइंडर लागत नाही, उलट तो लागला की खुणा जातात. रात्री अंधार पडल्यावर विजेरी तोफेच्या अंगाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाकला, की दिवसा न दिसलेली अक्षरे सावल्यांनी उठून दिसतात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका देवळापुढील तोफेवर मी हे करून पाहिले. दिवसा जिथे केवळ गंजाच्या पुटकुळ्या दिसत होत्या, तिथे रात्री साडेआठला एक पूर्ण मुकुट उभा राहिला, आणि देवळात आरतीला आलेली पोरे हातातल्या झांजा तशाच धरून बघत राहिली.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, जो मला खुणांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. खुणेवरून तोफ कोणी ओतली ते समजते. ती इथे कोणी वापरली, हे समजण्यासाठी ती नेमकी कुठे आणि कशी पडली होती ते माहीत असावे लागते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून ‘कान्होजींच्या तोफा’ असे मोठ्या अभिमानाने सांगणारी माणसे मी ऐकली आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आहे. तो कारखाना १७९१ साली सुरू झाला आणि कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले. मधली ६२ वर्षे कशी भरून काढणार? तिथे ते नाव वाचता येते, म्हणून निदान हा प्रश्न विचारता येतो. ते घासले गेले असते तर उद्या कोणीही काहीही सांगितले असते आणि त्याला उत्तर देता आले नसते.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती आपल्यातल्या अनेकांच्या मनातली एक अढी दूर करण्यासारखी आहे. तोफेवर इंग्रजी मुकुट निघाला की कार्यकर्त्यांचा चेहरा पडतो, हे मी पाहिले आहे. ‘म्हणजे आपली नाही तर!’ पण मराठी आरमाराला तोफा मिळत त्या पुष्कळ अंशी युरोपीय व्यापाऱ्यांकडून विकत घेऊन किंवा त्यांचीच जहाजे पकडून. संभाजी आंग्र्यांनी १७३५ साली ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज पकडले, तुळाजी आंग्र्यांनी १७४९ मध्ये ‘रिस्टोरेशन’ नेले. त्यांवरच्या तोफा काही परत पाठवल्या गेल्या नसतील. तेव्हा इंग्रजी मुकुटाची तोफ आंग्र्यांच्या बुरुजावर सापडली, तर ती आंग्र्यांच्या पराक्रमाची खूण असू शकते. आणि तीच तोफ १८१८ नंतर कंपनीने आणून ठेवलेलीही असू शकते. या दोहोंत निवाडा कशावरून करायचा? ती कोणत्या बुरुजावर होती, कोणत्या दिशेला तोंड करून होती, ढिगाऱ्याच्या वर होती की खाली, शेजारी गोळे होते का आणि ते तिच्या नळीच्या मापाचे होते का, यांवरून. आपण ती तोफ दोरांनी उचलून प्रवेशद्वारापाशी आणली की हा पुरावा संपतो. तोफ उरते आणि तिचा पत्ता हरवतो.

गाड्यांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर लोकवर्गणीचा पैसा लागलेला असतो आणि देणाऱ्याचे मन दुखवू नये. रणांगणावर तोफ बैलांनी ओढत न्यायची, म्हणून तिला मोठी आरेदार चाके. जहाजाच्या डेकवर तोफ दोन-चार हात मागे सरली तरी पुरे, म्हणून तिला जाड फळ्यांचा ठेंगणा गाडा आणि चार लहान भरीव चाके. गुराबेच्या, म्हणजे मराठी आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाच्या, नाळेतून (पुढच्या टोकातून) मारा करणाऱ्या तोफेला आपण आज ज्या रथासारख्या गाड्यावर बसवतो, तो गाडा त्या डेकवर मावलाही नसता. गाडा करायचाच असेल तर आधी तोफ कोणती ते ठरवा आणि मग सुताराला माप द्या, एवढीच विनंती.

गुराबेचे नाव आले म्हणून सांगतो. ज्या आरमाराचा आपण जयघोष करतो, त्याचे एकही गलबत आज पूर्ण स्वरूपात उरलेले नाही. दोन डोलकाठ्यांची साधारण १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंतची गुराब, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत, शिबाडे, मचवे, तरांडी ही सारी आता आपल्याला कागदावरच्या वर्णनांतून आणि चित्रांतून माहीत आहेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा गोळ्याने आग लागली ती त्याच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ला, आणि तिच्यावरून ती पसरत जाऊन तुळाजींचे आरमार बंदरातच जळाले. त्या वेळी पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते, हेही आपण विसरू नये. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. उलट मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही इंग्रज आरमाराची फ्रिगेट जातीची युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. साग टिकतो. टिकवणारा लागतो, एवढेच.

पूर्ण गलबत नाही म्हटल्यावर त्याच्या तुकड्याचे मोल किती वाढते पाहा. आणि इथे मला माझा स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना खाडीत गाळ काढण्याचे काम चालू होते आणि त्यातून एक काळे, वाकडे, दोन माणसांएवढे लांब लाकूड वर आले. शिमगा चार दिवसांवर होता. आम्ही पोरांनी ते रात्री ओढत नेले आणि होळीत टाकले. ओले असल्यामुळे ते आधी नुसते धुमसत राहिले आणि मग पेटले, तेव्हा त्याच्या एका बाजूने हिरव्या ज्वाळा निघाल्या. आम्ही बोंबा मारत नाचलो. आजोबा मात्र काठी टेकत जवळ आले, त्या ज्वाळांकडे पाहत उभे राहिले आणि काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी राख चाळली आणि तांब्याचे चार चौकोनी खिळे आणून ओटीवर ठेवले. ‘हा वाक होता,’ ते म्हणाले. गलबताचा पठाण म्हणजे पाठीचा कणा आणि वाक म्हणजे त्याच्या बरगड्या. तांब्याचे खिळे होते म्हणजे बहुधा तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या मोठ्या जहाजाची ती बरगडी होती. कोणत्या जहाजाची, ते आता कधीच कळणार नाही. त्यांतला एक खिळा माझ्या देवघरात आहे. बाकीचे तीन कुठे गेले, माहीत नाही.

तेव्हा लाकडाविषयी माझे सांगणे तोफेपेक्षाही काकुळतीचे आहे. शेकडो वर्षे पाण्यात मुरलेले लाकूड आतून पोकळ झालेल्या स्पंजासारखे असते. त्यातले पाणीच त्याला आकार देऊन उभे ठेवते. ते उन्हात वाळले की आकसते, तडकते, पिळवटते आणि काही महिन्यांत त्याची ढलपे होतात. स्वीडनचे ‘वासा’ हे १६२८ साली बुडालेले जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्या लाकडात पाण्याच्या जागी मेणासारखे रसायन मुरवण्यासाठी सतरा वर्षे फवारे चालू ठेवावे लागले. हे आपल्या कुठल्याही संस्थेच्या आवाक्यातले नाही, आणि ते असावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. म्हणून असे लाकूड दिसले तर त्याला हलवू नका. शेजारी टेप धरून फोटो घ्या, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, त्याच्यावर पुन्हा गाळ ओढा आणि जाणत्यांना कळवा. गाळात हवा पोचत नाही, म्हणून ते तिथे टिकले आहे. आणखी दहा वर्षेही तिथेच नीट राहील.

नांगरांची तर आपल्याला कोणी ओळखच करून दिलेली नाही. सागवानी गाड्यावर तोफ चढवली की शंभर माणसे फोटो काढतात, आणि त्याच गावात कोणाच्या तरी उंबऱ्याला, विहिरीच्या काठाला किंवा देवळाच्या पायरीला एक लांबट चौकोनी दगड असतो, वर निमुळता होत गेलेला, वरच्या टोकाला एक गोल भोक आणि खालच्या बाजूला एकमेकांना काटकोनात आरपार गेलेली दोन चौकोनी भोके. तो मध्ययुगीन गलबताचा नांगर आहे. गोल भोकातून दोर ओवायचा आणि चौकोनी भोकांतून लाकडी दांडे घालायचे, म्हणजे ते समुद्राच्या तळात रुततात. ओमान, इराण आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याच घडणीचे नांगर मिळतात, म्हणून अभ्यासक त्याला भारतीय-अरबी प्रकार म्हणतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरातल्या अशा दगडी नांगरांचा अभ्यास १९९०च्या दशकातच प्रसिद्ध केला आहे. आमच्या आळीतल्या एका घरी कपडे धुण्याचा दगड म्हणून जो वापरतात, तो मला असाच नांगर वाटतो. घरातल्या काकूंनी मोजू दिला, पण ‘दगड नेणार नाही ना?’ असे तीनदा विचारून घेतले. त्यांचे विचारणे बरोबर होते. तो तिथेच राहू दे, फक्त त्याची नोंद असू दे.

नुसती तोफ उचलून आणली म्हणजे काय मागे राहते, याचे उदाहरण गोव्यातच आहे. मुरगाव बंदराजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष याच संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी शोधले. तिथे तोफ होतीच. पण तिच्या आसपास हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. आफ्रिकेचा माल आणि चीनचा माल एकाच जहाजाच्या पोटात, गोव्याच्या तोंडाशी. तोफ एकटी वर आणून कोणी बागेत ठेवली असती, तर पाणघोड्याच्या दातांकडे कोण पाहणार होते?

आता तोफेच्या प्रकृतीविषयी, कारण हे गोदीवाल्याचे क्षेत्र आहे. ओतीव लोखंड खाऱ्या पाण्यात फार काळ राहिले की त्यातले लोखंड विरघळत जाते आणि बाहेरून ग्रॅफाइटचा एक मऊ थर मागे उरतो. गंमत अशी, की मूळ आकार आणि अक्षरे त्याच थरावर शाबूत असतात, आणि तो चाकूने खरवडता येईल इतका मऊ असतो. तारेचा ब्रश तिथे क्षणात काम तमाम करतो. शिवाय लोखंडाच्या छिद्रांत मीठ मुरलेले असते. तोफ वाळली की ते मीठ आतून लोखंड खात राहते आणि वर्षा-दोन वर्षांत अंगावरून पापुद्रे सुटू लागतात. वरून दिलेला ऑइलपेंट ते मीठ आत कोंडून ठेवतो. म्हणून ज्या तोफा आपण तीन वर्षांपूर्वी चकचकीत केल्या, त्या आज रंगाच्या सालीसकट सोलल्या जात आहेत. हवे तर जाऊन बोटाने टकटक करून पाहा, पोकळ आवाज येईल. समुद्रातून काढलेल्या तोफेसाठी अल्कधर्मी द्रावणात बुडवून, बारीक विद्युतप्रवाह देऊन मीठ बाहेर काढण्याची पद्धत आहे आणि तिला महिने, प्रसंगी वर्षे लागतात. ते काम प्रयोगशाळेचे. आपल्या हातातले काम साधे आहे, पण तेवढेच मोलाचे: तोफ मातीवरून उचलून दोन दगडांवर किंवा ओंडक्यांवर ठेवणे, तोंड किंचित खाली कलवणे म्हणजे नळीत पावसाचे पाणी साचणार नाही, भोवतीचे गवत काढणे आणि नळीतली वेफर्सची पाकिटे व गुटख्याच्या पुड्या हाताने बाहेर काढणे. हातानेच, पहारीने नव्हे. काही जुन्या तोफा भरलेल्या अवस्थेतच टाकून दिलेल्या असतात. आत गोळा आणि त्यामागे दारू असू शकते. अशा तोफेवर गॅसकटर, वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या पाडण्याचे धाडस मी तरी करणार नाही, आणि माझ्या मुलाला करू देणार नाही.

कायद्याचे एकच सांगतो. शंभर वर्षांहून जुनी तोफ ही १९७२च्या कायद्याने पुरावस्तू आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत आणि खांदेरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. तिथली वस्तू लेखी परवानगीशिवाय जागेवरून हलवता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. आता तिथे बाहेरचे जाणकार येतील आणि सोनेरी पट्टा मारलेली तोफ पाहून आपल्याला काय विचारतील, याची मला थोडी धास्ती वाटते.

माझी मागणी त्यामुळे अगदी मर्यादित आहे. आपल्या सर्व संस्थांनी मिळून किनाऱ्यावरच्या प्रत्येक तोफेची, नांगराची आणि लाकडाची एकच सामाईक वही करावी. प्रत्येक वस्तूला एक पान: ती कुठे आहे, पूर्वी कुठे होती, कोणत्या दिशेला तोंड होते, लांबी, नळीचा व्यास, खुंटांवरच्या व पाठीवरच्या खुणांचे तिरक्या उजेडातले फोटो, आणि गावातली म्हातारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी पडलेल्या तोफांपासून सुरुवात करता येईल. तिथे पोचणे सोपे आहे आणि एका रविवारी काम उरकते. या वहीची एक प्रत दोन्ही पुरातत्त्व कार्यालयांना द्यावी आणि ती पूर्ण होईपर्यंत, म्हणजे निदान एक वर्ष, कोणत्याही तोफेला ब्रश, रंग किंवा नवा गाडा लावू नये. ज्या तोफा आधीच हलवल्या गेल्या आहेत, त्या मूळ कुठे होत्या हे ज्या मुलांनी त्या उचलल्या त्यांना अजून आठवत असेल. ते आधी लिहून घ्या. माणसे नोकरीला पुण्या-मुंबईला जातात आणि विसरतात.

आमच्या गावापुरती ही वही मी सुरू केली आहे. सात पाने झाली आहेत: चार तोफा, दोन नांगर आणि तांब्याचा एक खिळा. वेशीवरच्या तोफेच्या पानावर वजनाच्या रकान्यात ‘१८ – २ – ’ असे लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. त्या दिवशी कोणी मोबाइलवर फोटो काढले असतील आणि त्यांपैकी एखाद्यात तो तिसरा आकडा आला असेल, तर कृपया कळवावे. येत्या पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी नेहमीपेक्षा पुष्कळ आत जाते आणि आमच्या खाडीच्या मुखाशी गाळात काळ्या लाकडांची एक रांग उघडी पडते. त्या दिवशी ओहोटीच्या वेळी मी टेप, वही आणि खुणेच्या काठ्या घेऊन तिथे असेन. ज्यांना यायचे असेल त्यांनी गमबूट घालून यावे आणि फावडे घरी ठेवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खाडीकाठचा एक निवृत्त गोदी कामगार